सर्व्हर स्लो आहे म्हणे!

विधानसभेची मतमोजणी आम्ही पत्रकार वर्षानुवर्षं बघतोय. हॉलमध्ये साधारण 14 टेबलं, प्रत्येकावर एकेक मतदान यंत्र. 14 यंत्रं एकाच वेळी मोजली जातात, ती एक फेरी. सगळी यंत्रं एकाच टेबलावर ओळीने मोजली असती तर? आणि हो, एक टेबल अडलं की फेरीचा आकडा अडतो, हेही आलंच.

संगणकातल्या माहितीचं असंच आहे, मंडळी.

1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत सुचवली. आपण फक्त काय हवं ते सांगायचं. कसं शोधायचं ते यंत्र बघेल. दिसायला साधी गोष्ट, पण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. तक्त्याचे दहा तुकडे करून दहा ठिकाणी शोधलं आणि बेरीज एकत्र केली, तरी विचारणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

1979 मध्ये कॅलिफोर्नियात टेराडेटा कंपनी निघाली. तिने हेच विकलं: अनेक प्रोसेसर, काम वाटून. 1983 मध्ये बोराल आणि डेविट या अभ्यासकांनी निबंध लिहून विचारलं, खास डेटाबेस यंत्रांची वेळ निघून गेली काय? गंमत अशी की त्याच डेविट यांनी लगेच विस्कॉन्सिन विद्यापीठात साधे संगणक जोडून ‘गामा’ नावाची समांतर व्यवस्था उभी केली. 1992 मध्ये जिम ग्रे यांच्यासोबत लिहिताना त्यांनी याच मार्गाला भविष्य म्हटलं.

तेव्हा हे बड्या बँकांना, मोठ्या कंपन्यांनाच परवडायचं. 2016 मध्ये फुकट मिळणाऱ्या पोस्टग्रेसमध्येही एक क्वेरी अनेक प्रोसेसरांत वाटायची सोय आली.

आता आपल्याकडे बघा. एखाद्या सरकारी अहवालाच्या पानावर पाच बेरजा असतात. पान पहिली विचारतं, थांबतं, मग दुसरी. समजा प्रत्येकीला 4 सेकंद, म्हणजे 20 झाले. पाचही एकदम पाठवल्या तर साधारण 4-5 सेकंदांत काम होऊ शकतं. आपण मात्र चाक फिरताना बघत बसतो आणि तिकडे नव्या सर्व्हरचं टेंडर निघतं.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्येच बजावलं होतं, जे काम वाटता येत नाही तेच वेगाची मर्यादा ठरवतं. शिवाय 500 माणसांनी एकदम पान उघडलं तर 2500 क्वेरी दारात उभ्या राहणार, मग सगळ्यांचाच खोळंबा. तिथे बेरजा रात्रीच करून ठेवलेल्या बऱ्या.

म्हणून ‘सर्व्हर बदलावा लागेल’ असं कुणी म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: कोणत्या क्वेरीला किती सेकंद लागतात, आणि त्या ओळीने जातात की एकदम? पैसा आपलाच आहे.