ठोशाने वाकवलेली फिल्म

अमरावतीचे वालकट कंपाऊंड म्हणजे एके काळी वऱ्हाडातल्या सिनेमाची बाजारपेठ. वितरकांच्या कचेऱ्या तिथे. पत्र्याच्या डब्यांतली रिळे तिथून अकोल्याला, अकोटला, मूर्तिजापूरला आणि बहिरमच्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजपर्यंत जात. ती रिळे फिरवणाऱ्या यंत्रात एक गोष्ट अशी होती, की ऑपरेटरशिवाय तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. ती म्हणजे लूप.

रीळ वरून सारखे उलगडत येते. भिंगासमोरच्या फटीत मात्र प्रत्येक चित्राला क्षणभर थांबावे लागते, सेकंदाला 24 वेळा. धावती फिल्म अशी झटक्याझटक्याने थांबवली तर ती फाटणारच. म्हणून फटीच्या वर आणि खाली फिल्मला थोडा ढिला बाक देतात. झटका त्या बाकात जिरतो, वरच्या जड रिळापर्यंत पोचत नाही. बाक लहान पडला तर कडेची भोके फाटतात, मोठा झाला तर फिल्म घासते. बोलपट आल्यावर खालच्या बाकाचे काम आणखी वाढले. फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे छापलेला असतो. बाकाचे माप चुकले की नायकाचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. लूप सुटला तर पडद्यावरचे चित्र उड्या मारू लागते, आणि मग शिट्ट्या!

हा बाक सिनेमाला बॉक्सिंगने दिला.

1894 मध्ये एडिसनचे यंत्र एका वेळी एकानेच डोळा लावून पाहायचे होते आणि त्यात जेमतेम वीसेक सेकंदांची फिल्म मावे. न्यूयॉर्कच्या ओटवे आणि ग्रे लॅथम या भावांनी त्यात मोठी फिल्म बसवून घेतली. कारण एकच, त्यांना बॉक्सिंग विकायचे होते. त्या जूनमध्ये एडिसनच्या स्टुडिओत मायकल लिओनार्ड आणि जॅक कुशिंग यांची लढत सहा फेऱ्यांत टिपली गेली, फेरी एकेका मिनिटाची. सहा यंत्रे ओळीने मांडली, दर यंत्राला 10 सेंट. कुशिंग कोसळतो ते पाहायचे तर शेवटच्या यंत्रापाशीच जायला हवे. मग आधीच्या पाच यंत्रांत नाणी कोण टाकणार? सप्टेंबरात हेवीवेट विजेता जेम्स कॉर्बेट त्याच स्टुडिओत पीटर कोर्टनीशी लढला. कोर्टनीला सहाव्या फेरीत लोळवायचे हे आधीच ठरलेले होते. निकाल यंत्रांच्या संख्येवर बेतलेला!

सलग लढत पडद्यावर दाखवायची तर फिल्म लांब हवी, आणि लांब फिल्म तुटायची. लॅथम बंधू, त्यांचे वडील वुडव्हिल आणि तंत्रज्ञ यूजीन लॉस्ट यांच्या खटपटीतून तो ढिला बाक आला. तो नेमका सुचला कुणाला, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. एडिसनकडून आलेल्या डिक्सनचेही नाव त्यात घेतले जाते. चिकटले ते लॅथमचे. पैसा ज्याचा त्याचे नाव लागते, ही रीत जुनीच. 20 मे 1895 रोजी त्यांनी यंग ग्रिफो आणि चार्ल्स बार्नेट यांची लढत न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून पडद्यावर दाखवली. लुमिएर बंधूंचा पॅरिसचा गाजलेला खेळ त्यानंतर सात महिन्यांनी झाला. लूपचे पेटंट 1902 मध्ये मिळाले आणि 1912 मध्ये न्यायालयाने ते रद्द केले.

लांब फिल्मची खरी कसोटी लागली होती ती 17 मार्च 1897 रोजी, नेवाडातल्या कार्सन सिटीत. कॉर्बेटसमोर होता बॉब फिट्झसिमन्स. मूळचा कॉर्नवॉलचा, वाढला न्यूझीलंडमध्ये, हात लोहारकामावर तयार झालेले. वजनात तो कॉर्बेटपेक्षा हलका होता. लॅथमांचा जुना भागीदार इनॉक रेक्टर याने रुंद पट्टीचे खास कॅमेरे लावले होते. सहाव्या फेरीत फिट्झसिमन्स खाली गेला, उठला, आणि चौदाव्या फेरीत त्याने छातीच्या फासळ्यांखाली असा ठोसा दिला की कॉर्बेटचा श्वासच अडकला. भरली ती सुमारे 11,000 फूट फिल्म. दीड तासाहून मोठा तो खेळ जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. आज त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे. कथेआधी पडद्याला लांबी मिळाली ती मारामारीमुळे, हे पचायला जड असले तरी खरे आहे.

आपल्याकडेही वेगळे काय घडले? 1899 मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून मागवलेला कॅमेरा मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये नेला आणि पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. भारतीयाने घेतलेले हे पहिले चलच्चित्र मानले जाते. ती फिल्म धुवायला परत इंग्लंडला गेली होती. आज ती उपलब्ध नाही.

वऱ्हाडात आखाड्यांना तोटा नव्हता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आणि अकोल्यात आज शासनाची क्रीडा प्रबोधिनी मुलांना बॉक्सिंग शिकवते.

आता रिळांची जागा हार्ड डिस्कने घेतली, लूप कुणी पाडत नाही. तरीही वऱ्हाडातल्या एखाद्या माळ्यावर किंवा गोदामात जुने डबे पडलेले असतील. कुस्तीचे, मंडळाच्या प्रात्यक्षिकांचे, कशाचेही असोत, भंगारात घालू नका. डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म सडू लागली आहे असे समजा. 1950 च्या आधीची 35 मिलिमीटर फिल्म बहुधा नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी. आपल्याकडच्या मे महिन्यात ती पत्र्याखाली ठेवूच नये. डबा उघडण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.