अकाउंट हॅक झालं आणि लॅपटॉपही बंद पडला, तर आधी काय करायचं?

समजा, उलव्यात राहणारी एक ताई घरी केक करून विकते. ऑर्डर इन्स्टाग्रामवर येतात, पत्ते व्हॉट्सॲपवर आणि हिशोब लॅपटॉपमधल्या एक्सेल शीटमध्ये. एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन येतो: "अगं, तू पैसे का मागतेयस?" ताई इन्स्टाग्राम उघडायला जाते, तर पासवर्ड चुकीचा दाखवतो. घाईघाईत लॅपटॉप सुरू करते, तर स्क्रीन काळीच.

उलव्यासारख्या नव्या वसाहतीत हे नुकसान जरा जास्तच जाणवतं. इथे बहुतेक जण गेल्या काही वर्षांत राहायला आलेले. सोसायटीचा ग्रुप, भाड्याच्या घराची जाहिरात, डबेवाल्या काकूंचा मेनू, खारकोपर-बामणडोंगरीची लोकल चुकली की शेअर रिक्षाची विचारपूस, सगळं फोनवरच चालतं. अकाउंट गेलं की ओळखही गेल्यासारखी वाटते.

हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. खासदार सुप्रिया सुळे यांनी ११ ऑगस्ट २०२४ रोजी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं 'एक्स'वर जाहीर केलं होतं. आपल्याला फोन किंवा मेसेज करू नका, असंही त्यांनी लोकांना सांगितलं. २१ सप्टेंबर २०२५ रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं 'एक्स' अकाउंट हॅक झालं आणि त्यावर पाकिस्तान आणि तुर्कीचे झेंडे दिसू लागले. त्यांच्या टीमने ते तासाभरात परत मिळवलं. आपल्याकडे अशी टीम नसते. म्हणून कुठल्या क्रमाने काय करायचं, ते आधीच माहीत असलेलं बरं.

अकाउंट 'गेलं' म्हणजे नेमकं काय झालं?

आपण सगळ्यालाच 'हॅक झालं' म्हणतो. पण प्रकार चार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

१. लॉक झालं: पासवर्ड विसरलात किंवा कोड येणारा नंबर बंद झाला. अकाउंट अजून तुमचंच आहे, फक्त किल्ली हरवली आहे.

२. हॅक झालं: दुसऱ्याने आत शिरून पासवर्ड, ईमेल किंवा नंबर बदलला.

३. नक्कल झाली: तुमचा फोटो आणि नाव वापरून कुणीतरी दुसरं अकाउंट काढलं. तुमचं अकाउंट सुरक्षित आहे. पासवर्ड बदलून इथे उपयोग नाही. त्या खोट्या प्रोफाइलवर जाऊन 'रिपोर्ट' करायचं आणि ओळखीच्यांनाही करायला सांगायचं.

४. कंपनीने बंद केलं: नियम मोडल्याचं कारण देऊन अकाउंट डिसेबल केलं. यात अपील करावं लागतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर त्यासाठी साधारण १८० दिवस मिळतात. ती मुदत गेली की अकाउंट कायमचं जाऊ शकतं, म्हणून 'नंतर बघू' म्हणू नका.

पहिल्या तासात काय करायचं?

सगळ्यात आधी ईमेल वाचवा. इन्स्टाग्राम, फेसबुक, 'एक्स', शॉपिंग ॲप, सगळ्यांच्या 'पासवर्ड रीसेट'ची लिंक ईमेलवरच येते. हॅकरच्या हातात जीमेल असेल, तर तुम्ही इन्स्टाग्राम परत मिळवाल आणि तो पाच मिनिटांत पुन्हा घेईल. म्हणून जीमेलचा पासवर्ड बदला आणि अनोळखी डिव्हाइस लॉगआउट करा. सेटिंग्जमध्ये जाऊन मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर 'फॉरवर्ड' होत नाहीत ना, तेही बघा.

दुसरं काम, लोकांना सावध करा. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवरून एकच ओळ टाका: "माझं अकाउंट हॅक झालं आहे, पैसे मागितले तर देऊ नका." यात लाजण्यासारखं काही नाही. फसवणूक बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच होते.

तिसरं काम, स्क्रीनशॉट. पैसे मागणारे मेसेज, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी, तारीख आणि वेळ दिसेल असे फोटो घ्या. चॅट डिलीट करू नका. पोलिसांना हेच लागणार आहे.

कोणत्या ॲपवर काय करायचं?

व्हॉट्सॲप: आपल्याच नंबरने ॲपमध्ये पुन्हा रजिस्टर करा. एसएमएसने आलेला ६ अंकी कोड टाकला की समोरचा आपोआप बाहेर फेकला जातो. ॲपने आणखी एक पिन मागितला आणि तो तुम्ही ठेवलेला नसेल, तर तो हॅकरने लावलेला असू शकतो. अशा वेळी ७ दिवस थांबावं लागतं, पण कोड टाकल्यामुळे हॅकर तेव्हाच बाहेर गेलेला असतो. आत गेल्यावर 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा. कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल केला असेल, तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवले गेलेले असू शकतात. ##००२# डायल केलं की कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं.

इन्स्टाग्राम: ईमेल बदलला गेला की जुन्या ईमेलवर कंपनीचा मेल येतो. बदल तुम्ही केला नसेल तर तो मागे घ्यायची लिंक त्यातच असते. इनबॉक्स आणि स्पॅम, दोन्ही बघा. तो मेल सापडला नाही तर 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' या पानावर जा. प्रोफाइलवर तुमचे फोटो असतील तर सेल्फी व्हिडिओ मागितला जातो. पण केकवाल्या ताईच्या पेजवर फक्त केकचेच फोटो असतील, तर चेहरा जुळवायचा कशाशी? मग अकाउंट काढताना दिलेला ईमेल किंवा नंबर आणि कोणत्या प्रकारच्या फोनवरून अकाउंट काढलं होतं, असे प्रश्न येतात. धंद्याच्या पेजवर स्वतःचे एक-दोन फोटो असावेत, ते यासाठीही.

फेसबुक: 'फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' या पानावरून सुरुवात करा. शक्यतो नेहमी लॉगिन करता त्याच फोनवरून.

गूगल आणि यूट्यूब: अकाउंट रिकव्हरीच्या पानावर जा. ओळखीचं डिव्हाइस, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा, म्हणजे घर किंवा ऑफिस, इथूनच प्रयत्न करा, असं गूगल स्वतः सांगतं. रिकव्हरी नंबर बदलला गेला असेल तरी साधारण ७ दिवस जुन्या नंबरवर कोड मागवता येऊ शकतो. म्हणून उशीर करू नका.

मग लॅपटॉपचा यात काय संबंध?

वरच्या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. अकाउंट परत मिळवायचं म्हणजे 'मी मीच आहे' हे कंपनीला पटवून द्यायचं. समोर माणूस नसतो, त्यामुळे आधार कार्ड दाखवून भागतंच असं नाही. तुमचं नेहमीचं डिव्हाइस हाच तिथे मोठा पुरावा असतो. कदाचित बंद पडलेल्या त्या लॅपटॉपमध्ये तुमचं अकाउंट अजूनही लॉगिन असेल. सगळे पासवर्डही त्याच ब्राउझरमध्ये सेव्ह असतील.

म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर "फॉरमॅट करून द्या" हे पहिलं वाक्य नको. आधी हे करून बघा:

- चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा-एक मिनिट दाबून ठेवा, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा.
- पंख्याचा आवाज येतो पण स्क्रीन काळी आहे? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर बिघाड स्क्रीनचा आहे आणि डेटा बहुधा सुखरूप आहे.
- हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघितलं तर उरलेला डेटाही जाऊ शकतो.
- पाणी किंवा चहा सांडला असेल तर चार्जिंगला लावू नका.
- दुरुस्तीला देताना "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय डिस्क पुसू नका" हे पावतीवर लिहून घ्या.

एक अडचण बऱ्याच जणांना दुरुस्तीनंतरच कळते. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. म्हणजे डिस्क उघडायला अकाउंट हवं, आणि अकाउंटचा पासवर्ड डिस्कमध्ये! ही की आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

दोन्ही एकाच कारणाने घडलं असेल तर?

असं होऊ शकतं. फुकटचं क्रॅक्ड सॉफ्टवेअर, गेमचे चीट किंवा 'ब्रँड कोलॅबरेशन'च्या नावाने आलेली फाइल उघडली की काही व्हायरस ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन सेशन चोरतात. सेशनच चोरीला गेलं, तर ओटीपी न विचारताही आत शिरता येतं.

लॅपटॉप सुरू होतोय पण असा संशय आहे, तर त्याचं इंटरनेट आधी बंद करा. पासवर्ड त्यावरून बदलू नका, कारण नवा पासवर्डही चोराकडेच जाईल. तुमच्या फोनवरून पासवर्ड बदला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. अकाउंट हातात आलं की गरजेच्या फाइल्स काढून घ्या आणि मग लॅपटॉप फॉरमॅट करा.

अर्थात, प्रत्येक निळी स्क्रीन म्हणजे हॅकिंग नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले होते. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो सायबर हल्ला नव्हता.

पोलिसांकडे कुठे जायचं?

पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसले तरी 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

उलवेकरांचा इथे हमखास गोंधळ होतो. उलवे येतं पनवेल तालुक्यात आणि रायगड जिल्ह्यात, पण पोलिसांच्या हद्दीचा विचार केला तर ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतं. त्यामुळे अलिबागला जायची गरज नाही. आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आयुक्तालयाचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणंही आहे. "ही आमची हद्द नाही" असं उत्तर मिळालं तर 'झिरो एफआयआर'बद्दल विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याची तरतूद आहे.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार, तर कॉम्प्युटरच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं हा कलम ६६ ड नुसार गुन्हा आहे. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीची प्रत जपून ठेवा. तुमच्या नावाने कुणी फसवणूक केली, तर तेव्हा अकाउंट तुमच्या ताब्यात नव्हतं हे दाखवायला ती उपयोगी पडते.

कंपनी उत्तरच देत नसेल तर?

२०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक सोशल मीडिया कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता ॲपच्या किंवा वेबसाइटच्या मदत विभागात मिळतो. तिथे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. हे काम १ मार्च २०२३ पासून 'जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन' या पोर्टलवर ऑनलाइन चालतं आणि त्यासाठी वकील लागत नाही.

दुसऱ्यांदा फसू नका

"माझं अकाउंट हॅक झालं" अशी पोस्ट टाकली की खाली कमेंट येतात: "या भाऊंना मेसेज कर, दोन तासांत काढून देतात." हे बहुतेक सापळेच असतात. इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा व्हॉट्सॲपची सर्वसामान्यांसाठी फोनवर बोलणारी हेल्पलाइन नाही. त्यामुळे सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. कुणालाही ओटीपी देऊ नका आणि कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकू नका.

आजच करून ठेवायची कामं

- ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवा, तो दुसरीकडे कुठेही वापरू नका.
- टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. गूगल १० बॅकअप कोड देतं. ते फोनमध्ये नको, कागदावर लिहून घरातल्या फाइलमध्ये ठेवा.
- नवं सिम घेतलं असेल तर प्रत्येक अकाउंटमधला नंबर बदला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाईल.
- सोसायटीच्या ग्रुपला आणि धंद्याच्या पेजला विश्वासातला दुसरा ॲडमिन ठेवा.
- महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर.
- ग्राहकांचे नंबर आणि हिशोब महिन्यातून एकदा उतरवून घ्या. फॉलोअर्स हे ॲपचे असतात, नंबरांची यादी तुमची असते.

ही सगळी कामं एका रविवारी दुपारी दोन तासांत होतात. केकवाल्या ताईकडे गूगलचे कोड लिहिलेला कागद आणि ग्राहकांची वही असती, तर त्या संध्याकाळी तिचं अकाउंट काही दिवस बंद राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डर तरी तिने वेळेवर पोहोचवल्या असत्या.