सशाच्या डोळ्याचे ११० गुण

कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. राणीसावरगावच्या शिवारात कपाशी-सोयाबीनवर फवारणी करणाऱ्यांच्या हे रंग रोजच्या नजरेतले. पण औषध पोटात गेलं किंवा कातडीतून शिरलं तर किती मारक, एवढ्यावरूनच तो रंग ठरतो. डोळ्यात उडालं तर काय, हे त्रिकोण सांगत नाही. त्याचं उत्तर जगाने कित्येक दशकं सशाच्या डोळ्यात शोधलं.

सुरुवात अमेरिकेतली. १९३३च्या सुमारास 'लॅश ल्युअर' या पापण्यांच्या रंगाने काही बायकांची दृष्टी गेली, एकीचा जीवही गेला. सौंदर्यप्रसाधनं तेव्हा कायद्यातच नव्हती, १९३८मध्ये आली. मग सुरक्षितता मोजायची कशी? सरकारी शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी सहकाऱ्यांसोबत १९४४मध्ये पद्धत मांडली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेला ठेवायचा आणि इजेला गुण द्यायचे. कॉर्नियाला ८०, आयरिसला १०, पापणीच्या आतल्या अस्तराला २०. एकूण ११०.

आकडे नेमके दिसत, पण गुण देणारी नजर माणसाची होती. १९७१मध्ये वाइल आणि स्काला यांनी तेच पदार्थ पंचवीसेक प्रयोगशाळांकडून तपासून घेतले. निकालांत प्रचंड तफावत निघाली. इनपुट तेच आणि आउटपुट दरवेळी वेगळं, असा प्रोग्रॅम आम्ही टेस्टिंगमधूनच परत पाठवतो. ही चाचणी मात्र चालू राहिली.

रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्येच तीन वाटा सांगितल्या होत्या: प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, कमी प्राणी वापरा, वेदना कमी करा. त्यांना जोर मिळाला तो १९८०मध्ये. हेन्री स्पायरा यांनी रेव्हलॉनविरुद्ध न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली आणि कंपनीने पर्यायांच्या संशोधनाला साडेसात लाख डॉलर दिले. पुढे ओईसीडीने २००९मध्ये कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या कॉर्नियावरची चाचणी मान्य केली, २०१५मध्ये मानवी पेशींपासून वाढवलेल्या थरावरची. एकटी कुठलीच पुरत नाही. एकामागून एक अशा त्या लावाव्या लागतात.

भारताने २०१४मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी घातली. अशी चाचणी केलेल्या मालाची आयातही त्याच वर्षी थांबवली. पण ही बंदी प्रसाधनांपुरतीच. लिपस्टिकपासून सुटलेला ससा फवारणीच्या औषधापासून या कायद्याने सुटत नाही.

आणि फवारणारा तरी कुठे सुटला? २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. आपल्याकडे एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळून मारतात. चाचणी होते ती एकेका औषधाची, पंपातल्या मिश्रणाची नाही. प्रत्येक मिश्रणासाठी ससे वापरणं शक्य नाही, योग्य तर नाहीच. पेशींच्या थरावर मात्र डोळ्यापुरतं तरी ते तपासता येईल. म्हणून हे पर्याय फक्त सशाच्या दयेपोटी नकोत, पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठीही हवेत.