आडुतुरैचं रेडिओ भात

कुंभकोणमहून मायावरमकडे जाणारी पॅसेंजर पकडली की थोड्या वेळात आडुतुरै येतं. 1922 पासून इथे भात संशोधन केंद्र आहे. इथे निघालेल्या वाणाला एडीटी आणि पुढे एक आकडा, एवढंच नाव मिळतं. एडीटी 27 ला मात्र लोकांनी वेगळं नावही दिलं. हे वाण 1960 च्या दशकाच्या मध्यावर आलं आणि तंजावूर जिल्ह्यात त्याला सगळे ‘रेडिओ भात’ म्हणू लागले, कारण त्याची माहिती लोकांपर्यंत पोचली ती तिरुच्ची आकाशवाणीवरून. आमच्या घरात ते भात आणि पहिला ट्रान्झिस्टर पाठोपाठच आले.

आम्ही तंजावूरकडचे मराठी. घरात आमची जुन्या वळणाची मराठी चाले, शेतात आणि रेडिओवर तमिळ. अप्पांची जमीन जेमतेम अर्धी वेली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्याआधी गावात रेडिओ म्हणजे मिरासदाराच्या ओसरीवरचा व्हॉल्व्हचा मोठा पेटारा. तो सुरू केल्यावर तापायला वेळ घेई. ऐकायचं असेल तर बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसायचं, आणि त्या तिण्णैवरही सगळ्यांना बसता येत नसे. जातीप्रमाणे कोणी उभं, कोणी रस्त्यापलीकडे. आवाज किती मोठा ठेवायचा हे मालक ठरवणार.

पुण्यात आल्यावर मला कळलं की रेडिओवरून शेती शिकवायचा मोठा प्रयोग इकडेच झाला होता. 1956 मध्ये युनेस्को आणि आकाशवाणीनं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळं बसवली. वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत आणि मग चर्चा करत. कल्पना उत्तमच होती. पण तिथेही संच एका जागी आणि माणसं त्याच्याकडे जाणार. ट्रान्झिस्टरनं हे उलटं केलं.

आमचा संच तपकिरी चामड्याच्या पिशवीत असे. स्पीकरपुढे चामड्याला बारीक भोकं पाडलेली, वर खांद्याला अडकवायचा पट्टा. सेल मंदावले की थोरली बहीण, अक्का, ते काढून अंगणात उन्हात ठेवी; त्यावर आणखी दोन-तीन संध्याकाळी निघत. पोस्टातून वर्षाचा परवाना घ्यावा लागे, त्याचं शिक्के मारलेलं पुस्तक अप्पा दस्तऐवजांच्या पेटीत ठेवत. संच कसा धरायचा, हीसुद्धा एक विद्याच होती. आत फेराइटची आडवी कांडी असते. तिची लांब बाजू केंद्राकडे असली की मीडियम वेव्ह स्वच्छ लागते, टोक केंद्राकडे झालं की आवाज बुडतो. तिरुच्ची आमच्या पश्चिमेला. म्हणून बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर कायम मावळतीकडे तोंड करून बसलेला असे. रात्री रेडिओ सिलोन लावायचं झालं की अक्का तो दक्षिणेकडे फिरवी, आणि अप्पांना न बघताही कळे की आता शेतीचं संपलं, सिनेमाची गाणी सुरू.

रेडिओवर सांगत ते अगदी कामापुरतं. मेट्टूर धरणाचं पाणी साधारण 12 जूनला सुटे, तिथून कुरुवैचा, म्हणजे भाताच्या पहिल्या पिकाचा, हंगाम. जुनी वाणं खत जास्त झालं की उंच वाढून आडवी होत. एडीटी 27 जपानी वाण आणि कोइमतूरचं जीईबी 24 यांच्या संकरातून आलेलं. खत पचवणारं, सुमारे 105 दिवसांत तयार होणारं. म्हणजे ते कापून त्याच शेतात ताळडीचं दुसरं पीक घेता येई. तंजावूर 1960 पासून सघन शेती योजनेत होताच, 1966 मध्ये आकाशवाणीनं तिरुच्चीला शेतीचा स्वतंत्र विभाग काढला, आणि रोपं किती दिवसांची लावायची, खताचा दुसरा हप्ता कधी द्यायचा, हे ऐन कामाच्या दिवसांत कानावर पडू लागलं. ग्रामसेवक महिन्यातून एकदा येई. रेडिओ रोज येई.

आणि तो फक्त अप्पांसाठी येत नसे. माझ्या मते ट्रान्झिस्टरच्या इतिहासातली मोठी गोष्ट हीच, तिच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. बांधावर ठेवलेल्या संचाला तिण्णै नव्हती. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकाही तेच ऐकत: नव्या भातानं एकरी उत्पन्न किती वाढतं, ते. त्यातलं आपल्या पदरात किती पडतं, याचा हिशेब त्या करू शकत होत्या. कुरुवैच्या कापणीची मजुरी हा तेव्हा जिल्ह्यातला पेटता विषय होता. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री याच जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत मजुरीच्या भांडणातून 44 दलितांना झोपडीत जाळून मारलं. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. ते रेडिओमुळे झालं असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. पण हरित क्रांतीची गोष्ट सांगताना क्विंटलचे आकडे सांगायचे आणि हे गाळायचं, हे मला जमत नाही.

पुढची यंत्रं भराभर आली. रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन आला आणि अक्काला हवं ते गाणं हवं तेव्हा लावता येऊ लागलं, तिरुच्चीची वाट बघणं संपलं. सोनीचा वॉकमन 1979 चा. आमच्याकडे पोचायला बरीच वर्षं लागली, तोही दुबईहून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती. एकट्यानंच ऐकणं उद्धटपणाचं वाटेल अशी कंपनीच्या अध्यक्षांना, अकिओ मोरितांना, धास्ती होती म्हणे. ती पुढे कोणालाच वाटली नाही. भाच्याच्या वॉकमनला एकच भोक होतं. तो जेवतानाही कानातून काढत नसे आणि अप्पा त्याच्याकडे बघत ताक ओरपत बसत.

मग मोबाइल. आता भाचाच शेती बघतो. तमिळनाडू सरकारचं ‘उळवन’ ॲप 2018 पासून त्याच्या फोनवर आहे. बियाण्याचा साठा, बाजारभाव सगळं त्याला बोटाच्या टोकावर दिसतं. माहिती अप्पांपेक्षा कितीतरी जास्त, यात वाद नाही. फक्त ती त्याच्या खिशात असते, आणि लावणी करणाऱ्यांच्या खिशात दुसरीच.

गेल्या कुरुवैत मी गेले होते तेव्हा लावणीला बंगालची माणसं होती. अलीकडे या भागात ती बरीच येतात. त्यांनी बांधावर फोन ठेवला होता, वर स्टीलचा डबा उपडा टेकवलेला, आवाज घुमावा म्हणून. पूर्ण आवाजात बंगाली गाणी चाललेली. भाचा म्हणाला, ‘आत्या, सांगू का त्यांना बंद करायला?’ मी म्हटलं, ‘राहू दे रे, आणि तुझ्या त्या ॲपवर आज भाताचा भाव काय दाखवतायत, तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.’