बारा ठिपक्यांची धडक

अभियांत्रिकीच्या मिनी प्रोजेक्टमध्ये गेम करणाऱ्या प्रत्येक ग्रुपला एक संध्याकाळ अशी येतेच, की गोळी भिंतीतून आरपार जाते किंवा शत्रू न लागताच मरतो. मग कुणीतरी म्हणतं, "कोलिजन बिघडलंय." हे दुखणं किती जुनं आहे ते पाहायचं तर १९६२ सालच्या 'स्पेसवॉर'चा कोड उघडावा. आता तो सहज वाचायला मिळतो.

१९६१मध्ये एमआयटीला डेक कंपनीकडून पीडीपी-१ हा संगणक मिळाला. स्टीव्ह रसेलने त्यावर दोन अवकाशयानांची लढाई लिहायला घेतली. रसेल स्वतः तिथला विद्यार्थी नव्हता, पण भोवतालचं टोळकं मॉडेल रेल्वे क्लबातल्या पोरांचं. अ‍ॅलन कोटॉकने साइन-कोसाइनचे तयार प्रोग्रॅम डेककडून आणून दिले, डॅन एडवर्ड्‌सने गुरुत्वाकर्षण घातलं, पीटर सॅमसनने पार्श्वभूमीला खरे तारे आणले.

आता धडक कशी ओळखायची? शाळेतलं उत्तर सोपं आहे: दोन बिंदूंमधल्या अंतरासाठी क्ष आणि य यांच्या फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, ती त्रिज्येच्या वर्गाशी ताडून पाहा. पण या यंत्रावर गुणाकार एका झटक्यात होत नसे, पायरीपायरीने करावा लागे. साध्या बेरजेलाच १० मायक्रोसेकंद लागत. त्यात वस्तूंच्या तक्त्यात जागा २४, म्हणजे जोड्या २७६ पर्यंत. प्रत्येक फ्रेमला एवढे वर्ग काढत बसलं तर पडदा लुकलुकणार.

म्हणून त्यांनी वर्ग काढलेच नाहीत. आधी क्षमधला फरक पाहायचा. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर ती जोडी तिथेच सोडायची. बहुतेक जोड्या इथेच गळतात. मग य. आणि शेवटी दोन्ही फरकांची बेरीज मर्यादेच्या दीडपट भरते का, एवढंच. मर्यादा अष्टमान पद्धतीत ६००० लिहिलेली आहे. पडद्यावर मोजली तर १२ ठिपके. म्हणजे क्ष १२च्या आत, य १२च्या आत, बेरीज १८च्या आत. कागदावर काढून पाहा: कोपरे छाटलेला चौरस, म्हणजेच अष्टकोन!

नुसता चौरस ठेवला असता तर कोपऱ्यात जवळपास १७ ठिपक्यांवरूनही यान फुटलं असतं. अष्टकोनात सर्वात लांबचा कोपरा १३.४ ठिपक्यांवर येतो. म्हणजे खेळाडूवर अन्याय झालाच तर दीड ठिपक्यापेक्षा कमी, १०२४ ठिपक्यांच्या पडद्यावर. त्यासाठी खर्च एक बेरीज आणि एक वजाबाकी. आज आपण इंजिनमध्ये कोलायडर ओढून टाकतो आणि विसरतो. इतका हिशेबी कंजूसपणा मला त्याहून सुंदर वाटतो.

अन्याय दुसरीकडे आहे. एक यान सुईसारखं निमुळतं, दुसरं पाचरीसारखं, पण धडकेपुरतं दोघांचं अंग सारखंच. टॉर्पिडोलाही तोच अष्टकोन. शिवाय गोळी कुणाची हे तपासणीत विचारलंच जात नाही: दोन वस्तू जवळ आल्या की दोन्ही फुटतात. टॉर्पिडो टॉर्पिडोला उडवतो, आणि आपलाच टॉर्पिडो आपल्याला उडवू शकतो. पडद्याच्या उजव्या कडेने गेलेली वस्तू डाव्या कडेने येते, त्यामुळे हे दुर्दैव वाटतं तितकं दुर्मिळ नाही.

एक गोष्ट मात्र विद्यार्थी हटकून विसरतात आणि यांनी विसरली नाही. फुटून गेलेली वस्तू तक्त्यात स्फोट म्हणून काही काळ राहते. तेव्हा तिच्यावर 'धडकू शकत नाही' अशी खूण असते. ती खूण नसती तर एका स्फोटाने शेजारचं यान पेटलं असतं. हायपरस्पेसमध्ये दडलेल्या यानालाही हीच खूण. अदृश्य भुताला धडकून मरण्याचा जो बग कॉलेजच्या डेमोंत दिसतो, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं: चित्र पुसलेलं असतं, वस्तू नाही.

टॉर्पिडोंना ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण लागू नव्हतं, कारण तेवढा हिशेब करायला वेळच उरत नसे.

हे सगळे आकडे त्यांनी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकत्र ठेवले होते: टॉर्पिडोंची संख्या, त्यांचा वेग, इंधन, धडकेची त्रिज्या. त्यामुळे धडक पटत नसेल तर प्रोग्रॅमचा गाभा उकलायची गरज नव्हती. तो एक आकडा वाढवायचा, आणि नेम नसलेल्या गड्यालाही डाव जिंकता यायचा.