गढी, तळे आणि पहारा

किल्ले, राजवाडे आणि तलाव पाहायला जाण्याची हौस आता आपल्याकडे सर्व थरांत पोचली आहे. राजस्थानच्या वाळवंटाकडे सहली जातात, वाटाड्या राजांची नावे आणि लढायांची साले घडाघडा सांगतो, पाहणारे माना डोलावतात. जोधपूरचा मेहरानगड राव जोधाने 1459 साली बांधायला घेतला. त्याच्या पायात राजाराम मेघवाल नावाच्या अस्पृश्याला जिवंत पुरले, अशी तिथलीच परंपरा आहे. त्याच्या नावाची खूण गडावर आहे. लोक तिच्यासमोर क्षणभर थांबतात आणि तोफा पाहायला पुढे जातात.

एवढ्यासाठी राजस्थान गाठायची मात्र गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका आहे. दोन बाजूंना दोन नद्या, तरी मधला माळ कोरडा. कारण सह्याद्री पाऊस अडवतो आणि पूर्वेला उरतात ते रिकामे ढग. बारामती, इंदापूर आणि पलीकडचा माण ही सगळी अवर्षणाची पट्टी. अशा मुलखात सत्ता म्हणजे पाण्यावरचा ताबा, आणि म्हणून इथली गढी पाहताना तिच्या बुरुजांइतकेच जवळच्या पाणवठ्याकडेही पाहावे लागते.

इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी गढी आहे. मालोजी मूळ वेरूळचे, निजामशाहीचे सरदार. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ते इंदापूरच्या लढाईत पडले. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून त्यांनी तिथे मोठे तळे बांधले. माणच्या दुष्काळी डोंगरावर तळे बांधणे हे खरोखर मोठे काम होते, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. फक्त ‘यात्रेकरू’ हा शब्द आपण फार सहज वाचतो. ज्याला देवाच्या पायरीशी यायची मनाई होती, त्याला देवाच्या तळ्यात ओंजळ बुडवायची मुभा होती काय? हा प्रश्न ज्यांना पडायला हवा होता, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

बांधणाऱ्यांचे हात मात्र होते. भीमेच्या काठाने खाली गेले की मंगळवेढ्याचा मुलूख लागतो. तिथल्या गावकुसाच्या बांधकामावर चोखोबा वेठीला होते. ते कूस कोसळले आणि त्याखाली ते इतर मजुरांसह गाडले गेले. परंपरा हे साल 1338 देते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वाराशी समाधी झाली, ही कथा कीर्तनात डोळे पुसत सांगितली जाते. डोळे पुसणाऱ्यांनी एकच गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या कुसाच्या आत चोखोबांना घर बांधता येत नव्हते, तेच कूस बांधताना ते मेले.

पायात माणूस पुरण्याच्या कथा पुरंदरच्या बुरुजाबद्दलही आहेत. अभ्यासक त्यांना दंतकथा म्हणतात, म्हणोत. पण 1855 साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. त्यात मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरल्याचा उल्लेख आहे. एका विद्यार्थिनीला हे लिहावेसे वाटते, याचा अर्थ ती आठवण वस्तीत जिवंत होती. बखरींवर विश्वास ठेवणाऱ्यांनी वस्तीच्या आठवणीलाही थोडी जागा द्यावी.

मालोजींच्या वेरुळाशेजारीच दौलताबादचा किल्ला आहे. यादवांची देवगिरी ती हीच. आम्हा लोकांच्या किल्ला पाहण्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तिथे घडला. सहलीच्या पुस्तकांत तो सापडणार नाही. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा. दौलताबादच्या वेशीजवळ आपली माणसे चहा घेऊन वाट पाहत उभी होती. चहाची सर्वांनाच तलफ होती, पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा मागे ठेवून मंडळी पुढे गेली. रमजानचा महिना होता. रस्त्याच्या धुळीने सर्वांचे चेहरे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद आणि भोवती दगडी फरसबंदी. काही जणांनी तिथे हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले आणि सगळे दरवाजाशी आले.

तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, मारामारीपर्यंत पाळी आली. बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही पाणी नाकाराल का? जमावाकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. त्याकडे बोट दाखवून एका धर्माला झोडपण्याचा मोह काहींना होतो, त्यांनी महाड आठवावे. 1927 साली चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या माणसांची डोकी फोडली गेली आणि तळे गोमूत्राने ‘शुद्ध’ केले गेले. त्या तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला 1937 साल उजाडावे लागले. दौलताबादला दिसले ते एवढेच, की जात धर्माच्या कुंपणावरूनही उडी मारते. पण मला त्या शिपायाचे नवल वाटते. यादव गेले, सुलतान गेले, निजामशाही गेली. किल्ल्यात राखण्यासारखे काही उरले नव्हते. तरी पाण्यावर बंदूक होती. किल्ला म्हणजे काय, हे इतके उघड करून सांगणारा दुसरा दस्तऐवज मी वाचलेला नाही.

इंदापूरकडे परत येऊ. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली जमीनमोजणी नव्याने बसवली ती इथूनच. प्रिंगलची आधीची आकारणी फसली, गावे ओस पडू लागली, आणि 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी याच तालुक्यात नव्या पाहणीला आरंभ केला. त्याआधी शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष अखेरची मानत. गावाची शीव तो पायांनी ओळखत असे. नव्या मोजणीत खुणेचे दगड आले, नंबर आले, नकाशे आले. ज्ञान कागदावर गेले. जाणत्याकडे उरली गावकी, तिची वेठ आणि हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. या वतनाच्या बेडीतून सुटका होण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली विधिमंडळात विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 चा.

पुढे भाटघरचे धरण झाले, नीरेचा डावा कालवा आला. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले. पाणी उताराने वाहते असे भूगोल सांगतो. ते सातबाराच्या उताऱ्यानेही वाहते, हे ज्याच्या नावावर उतारा नाही त्याला विचारावे.

आजचा प्रवासी इंदापूरला येतो तो बहुधा उजनीचा जलाशय पाहायला. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, नावा भाड्याने मिळतात, आणि कालपर्यंत माळाकडे कोणी ढुंकून न पाहिलेल्या तालुक्यात मोटारींची रांग लागते. याच पाण्याखाली जुने पळसदेव गेले. पाणी फार खाली गेले, जसे 2024 च्या उन्हाळ्यात गेले, की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. मग नावेतून, चिखलातून लोक ते पाहायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, शिल्पांचे वर्णन येते.

मंदिर दगडाचे म्हणून उरले. मातीच्या भिंतींची घरे पाण्यात उरत नाहीत. बुडालेल्या गावाचा महारवाडा कोणत्या अंगाला होता, मांगवाडा कुठे होता, त्यांचा पाणवठा नदीच्या कोणत्या वळणावर वेगळा काढलेला होता, हे मंदिराचा दगड सांगत नाही. ते पुनर्वसनाच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि त्यांना विचारायला नावेतून उतरून थोडे चालत जावे लागते.