डबलसीट

मराठीत ‘डबलसीट’ हा शब्द क्रियाविशेषणासारखा वापरतात. ‘आम्ही डबलसीट गेलो’, ‘येताना त्याला डबलसीट घेऊन ये’. सायकलच्या कॅरिअरपासून बुलेटपर्यंत कुठल्याही दुचाकीवर मागे कुणी बसलं की तो लागू होतो. तिसरा बसला की ट्रिपलसीट, आणि मग चौकात पावती. दुचाकी ही दोघांची गाडी आहे हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की ते वेगळं सांगावंही लागत नाही.

स्पोर्ट्स मोटरसायकल हे गृहीतक मोडते. तिचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनं, शर्यती आणि कमाल वेग यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. मला तो मागच्या सीटच्या बाजूने सांगायचा आहे, कारण मालक आपली गाडी ‘स्पोर्टी’ करायला बसले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. तिथल्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ‘एस कॅफे’ उघडला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात तो पडला आणि १९४९ साली पुन्हा बांधला गेला. रात्रभर उघडा असल्याने लॉरीवाल्यांच्या जोडीला मोटरसायकलवाली पोरंही तिथे जमू लागली. युद्धानंतरच्या पिढीच्या हातात पगार होता, हप्त्यांवर गाडी मिळत होती. पण दुकानात मिळणाऱ्या गाड्या वडिलांच्या पिढीसाठी बनवलेल्या होत्या: ताठ बसायचं, कामावर जायचं, गरज पडली तर बाजूला साइडकार जोडायची.

मग पोरांनी त्या गॅरेजमध्ये उघडल्या. उंच हँडल काढून पुढच्या फोर्कला थेट आवळायची बुटकी ‘क्लिप-ऑन’ हँडलं लावली. पाय ठेवायच्या जागा मागे सरकवल्या. मडगार्ड कापले. लांब टाकी बसवली, म्हणजे तिच्यावर छाती टेकून झोपता येईल. यामागे नुसती नक्कल नव्हती. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो; ताशी शंभर मैलांचं स्वप्न पाहणाऱ्याला ताठ बसून चालत नाही. आणि शेवटी, दोघांची सपाट सीट काढून एकट्यापुरती, मागे उंचवटा असलेली सीट आली. अशा गाड्यांना पुढे ‘कॅफे रेसर’ हे नाव पडलं.

या प्रकारातली सर्वात गाजलेली गाडी कुठल्याच कारखान्याने विकलेली नव्हती. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने आखलेली ‘फेदरबेड’ चौकट नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांवर १९५० साली आली. वळणावर ती गाडीला रुळावर असल्यासारखी धरून ठेवायची. इंजिन मात्र लोकांना ट्रायम्फचं, दोन सिलिंडरचं आवडे. मग मालकांनी नॉर्टनच्या चौकटीत ट्रायम्फचं इंजिन बसवलं आणि संकराला नाव दिलं ‘ट्रायटन’. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या जे कधीच एकत्र करणार नव्हत्या, ते मालकांनी परस्पर उरकलं.

कंपन्यांना हे दिसत होतंच. १९६१ साली ब्रिटनमध्ये शिकाऊ परवान्यावर २५० सीसीपेक्षा मोठी मोटरसायकल चालवायला बंदी आली आणि तरुणांची सगळी मागणी या छोट्या इंजिनाकडे वळली. रॉयल एनफिल्डने १९६४ साली २५० सीसीची ‘काँटिनेंटल जीटी’ काढली: लाल लांब टाकी, क्लिप-ऑन हँडल, पाच गिअर. पोरं गॅरेजमध्ये जे करत होती तेच आता शोरूममधून वॉरंटीसह मिळू लागलं. कारखाना पुढे आणि मालक मागे, हा क्रम इथे उलटा झाला.

त्याच एनफिल्डची भारतातली शाखा १९५५ पासून मद्रासला होती, पण इथल्या बुलेटचं आयुष्य वेगळं गेलं. लष्कर, पोलीस, गावातले बडे शेतकरी आणि मागे लांबलचक सीट. आपल्याकडे मोटरसायकल ही अनेकदा घरातली एकुलती एक गाडी. ऑफिस, मंडई, दवाखाना, लग्न, सगळं तिच्यावर. त्यामुळे वेगाची हौस आली तीही मागची सीट शाबूत ठेवून. १९८३ ची राजदूत ३५०, १९८५ ची यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांवर मेकॅनिकांनी सायलेन्सर बदलले, इंजिनाची पोर्ट घासली, पण सीट सपाट आणि सलगच राहिली. २००१ साली आलेल्या आमच्या पुण्याच्या बजाज पल्सरनेही ती तशीच ठेवली.

२००८ साली यामाहाने भारतात आर-१५ आणली. १५० सीसीचं पाण्याने थंड होणारं इंजिन, १७ अश्वशक्ती, ‘डेल्टाबॉक्स’ नावाची, हँडलच्या मुळापासून स्विंगआर्मपर्यंत दोन रुंद पट्ट्यांनी जाणारी चौकट आणि अंगभर फेअरिंग. किंमत एक लाखाच्या आत. वळणावर तिच्यासारखी दुसरी गाडी त्या पैशात नव्हती. तरीही मालक एकत्र आले की तक्रार एकच: मागचं टायर बारीक आहे. पुढून मोठ्या आर-वनसारखी दिसणारी गाडी मागून १०० सेक्शनच्या टायरवर उभी, हे त्यांना बघवेना. पुण्यात नाना पेठेसारख्या बाजारात मग रुंद टायर, छोटे इंडिकेटर, आखूड मडगार्ड यांची खरेदी होऊ लागली.

यंत्रशास्त्र मालकांच्या बाजूने नव्हतं. १७ अश्वशक्तीला ते टायर पुरेसं होतं. टायर रुंद झालं की वजन वाढतं. गाडी झुकल्यावर जमिनीला टेकणारी जागा मध्यापासून आणखी बाजूला सरकते, म्हणून तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. मूळच्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं तर ते कडांनी आवळलं जाऊन मधे फुगतं, आणि ज्या पकडीसाठी पैसे मोजले ती हवी तेवढी मिळतच नाही. पण माणूस गाडी फक्त चालवत नाही, पार्किंगमध्ये लावून मागे वळून बघतोही.

यामाहाने ऐकलं. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत मागे १३०/७० चं रेडियल टायर आलं आणि त्यासाठी रिमपासून सगळं बदललं. स्विंगआर्म ॲल्युमिनियमचा झाला, दोन चाकांमधलं अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटर झालं, वजन १३१ वरून १३६ किलो. नव्या टायरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटरने मोठा, म्हणजे परीघ पावणेचार टक्क्यांनी जास्त. त्यामुळे ओढ कमी होऊ नये म्हणून मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढवले. मालकांची एक हौस पुरवायला कारखान्याला गाडीचा सगळा मागचा भाग नव्याने मांडावा लागला. नाना पेठेत टायर बदलणं आणि कारखान्याने टायर बदलणं यांतला फरक हा असा.

त्याच फेरीत सीटही बदलली. सलग सीट जाऊन तिचे दोन तुकडे झाले: पुढे खोलगट, मागे उंच आणि हाताएवढी. दिसायला गाडी झकास झाली. पण त्या तुकड्यावर साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणं जवळपास अशक्य. उंचावर बसलेल्या माणसामुळे गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो; ब्रेक दाबला की मागचा माणूस उतारावरून घसरल्यासारखा पुढच्याच्या पाठीवर येतो आणि दोघांचं वजन चालवणाऱ्याच्या मनगटांवर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात पैसे देणारा आणि वापरणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे पहिल्या प्रोजेक्टमध्येच कळतं. तक्रार बहुधा पैसे देणाऱ्याची नोंदवली जाते. आर-१५ चे मालक टायर, आवाज, रंग, स्टिकर यांवर तासन्‌तास बोलत, आणि त्यातलं बरंच कंपनीपर्यंत पोहोचलं. मागे बसणारी आई, बायको, रूममेट या गप्पांत नव्हतीच. त्यांच्या नावावर गाडी नव्हती. एस कॅफेबाहेरच्या पोरांनी मागची सीट उघड उघड काढून टाकली होती. इथे ती ठेवली गेली, पण बसण्याजोगी राहिली नाही, आणि तरीही आपण तिला डबलसीट म्हणत राहिलो.

कायद्याला मात्र मागचा माणूस आठवत होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या प्रवाशासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी स्पोर्ट्स बाइक घरी आली की अनेकदा सर्वात आधी उतरतं तेही हेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच; नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ब्रिटनमधल्या पोरांची ट्रायटन आज इथे बांधायची म्हटलं तर आधी आरटीओची पायरी चढावी लागेल.

म्हणून कारखान्याने कुणाचं ऐकावं हा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. मालकाला गॅरेजमध्ये जे करायची मुभा नाही, ते कारखान्यानेच करून द्यावं लागतं. २०१५ साली यामाहाने आर-१५ एस आणली: तेच इंजिन, तेच रुंद टायर आणि पुन्हा सलग, लांब सीट. योगायोगाने त्याच वर्षी ‘डबल सीट’ नावाचा मराठी सिनेमाही लागला होता. २०१८ ची तिसरी आवृत्ती पुन्हा दोन तुकड्यांची सीट घेऊन आली. २०२१ मध्ये त्याच पिढीला सलग सीट लावून ‘एस’ परत आली. तुकड्यांची सीट असलेली चौथी आवृत्तीही त्याच वर्षीची.

दोन्ही गाड्या शोरूममध्ये शेजारी उभ्या असतील तर पोस्टरवर कुठली असेल, हे सांगायची गरज नाही. पण गाडी बघायला जाताना जो रोज मागे बसणार आहे त्याला सोबत न्या. त्याला मागे बसवा, इंजिन बंद ठेवून दोन मिनिटं तसंच बसू द्या, आणि मग टायर बघायला वाका.